नावेवरचं विसण

नदीवर राहायला जाणाऱ्या माणसाने घर घरीच ठेवून निघावं. त्याला जे लागतं ते सगळं नदी देते. हे वाक्य माझ्या मेहुण्यांचं. देवासच्या घरात, खांद्यावर रजई घेऊन, चहाचा दुसरा कप पिता पिता त्यांनी ते उच्चारलं. माझी बहीण नलूताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नदी गरम पाणी देत नाही."

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी यंदाच्या जानेवारीतला एक आठवडा घालवला.

देवास

पुण्यात मी मेहुण्यांना भाऊजी म्हटलं असतं. देवासात सगळे जिजाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. जिजाजींनी सगळी नोकरी पीथमपूरच्या एका कारखान्यात केली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या अंगणात शिडाची नाव बांधली. नाव फायबरची. दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन, मागे बसायला उघडी जागा, एक डोलकाठी आणि पोटात लहानसं डिझेल इंजिन.

देवासला टेकडी आहे, टेकडीवर देवी आहे आणि एकाच गावात दोन राज्यं नांदल्याचा इतिहास आहे. जुनी मराठी घरं अजूनही आपण थोरल्या पातीचे की धाकट्या पातीचे ते अशा गांभीर्याने सांगतात, जणू कोपऱ्यावर अजून नाकं आहे आणि तिथे जकात भरायची आहे. शिडाची नाव चालेल असं पाणी मात्र गावात नाही. त्यामुळे नाव बांधून झाल्यावर ती ट्रकवर चढवून धार जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला न्यावी लागली. तिथे निसरपूरजवळ धरणाच्या फुगवट्यामुळे नर्मदा तलावासारखी पसरली आहे.

मागच्या थंडीत ताई तिथे एकदा जाऊन आली. पहाटे नदीच्या पाण्याने आंघोळ केली आणि तिचे सांधे होळीपर्यंत धरले. संधिवात तिला आधीपासून आहे. नदीने त्याला फक्त आठवण करून दिली. त्यानंतर तिने अट घातली. या थंडीत नावेवर तिची एक धड आंघोळ झाली, तर नाव ठेवायची. नाही झाली तर पाटीदाराला देऊन टाकायची. हा पाटीदार कुक्षीकडचा. केबिन आणि डोलकाठी कापून टाकून, नदीच्या या काठावरून त्या काठावर मोटरसायकली पोचवणारी नाव करायची, असा त्याचा विचार होता. तो दर पंधरवड्याला फोन करून नावेची तब्येत विचारत असे.

"धड म्हणजे काय, ते आधी ठरव," मी ताईला म्हणालो.

"धड म्हणजे धड. सकाळी, भरपूर, अंगाला सोसेल असं पाणी. आणि आडोसा. यात काय ठरवायचंय? पुण्याला तुम्ही वेगळं काय करता?"

पुण्याला आम्ही भिंतीवरचं एक बटण दाबतो आणि तेवढ्यात वर्तमानपत्र वाचतो. नावेवर हे जमत नाही, हे मला पोहे खाता खाता कळलं. (देवासचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यावर शेव असते आणि शेजारी जिलबी असते. या तिघांचा काही संबंध आहे असं मला पहिल्या दिवशी वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जिलबी नसती तर मी तक्रार केली असती.) विजेचा गीझर लावला, तर नावेवरची बॅटरी त्याला काही मिनिटंच पुरेल आणि मग ना पाणी, ना दिवा. गॅसचा गीझर झटपट चालतो, पण बंद केबिनमध्ये ज्योत जळायला लागली की वासही न येता माणूस झोपी जातो आणि उठत नाही. त्यावर नवराबायकोंचं एकमत होतं, आणि त्या आठवड्यातलं ते जवळजवळ शेवटचं. उन्हाची टाकी दुपारी तापते. ताईची आंघोळ सूर्य उगवायच्या आत होते. मी बंब सुचवला. तांब्याचा, मधल्या नळकांड्यात लाकडं घालायची, तसा. जिजाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि नाव फायबरची आहे याची आठवण करून दिली. पुढे या विषयात माझं मत कोणी विचारलं नाही.

शेवटी ठरलं ते इंजिनाच्या उष्णतेवर. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्यातून जे पाणी फिरतं, ते स्वतः कढत होतं. ते पाणी एका टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवायचं, म्हणजे टाकीतलं आंघोळीचं पाणी तापतं आणि दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत. ही शेवटची गोष्ट ताईला विशेष आवडली.

टाकी करायला रमेश तांबट यांच्याकडे गेलो. त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर भांडी घडवायला इकडे आले. ते स्वतः आता दुधाच्या डेअरीच्या टाक्या आणि शेव तळायच्या कढया करतात. आम्हाला पाहताच ते उठले.

"आओ काकाजी, बसा, बसा. काकूपण आल्या? अरे भिया, स्टूल दे इकडे! काकाजी, दरबारचे बंब आपल्याच घरातून जायचे, मालूम आहे ना? तुमची टाकी म्हणजे क्या चीज है."

जिजाजींनी पेन्सिलने काढलेलं चित्र पुढे केलं. टाकी, तिच्यात वेटोळं, इंजिनाकडून येणारी आणि जाणारी नळी, वर गरम पाण्याचं तोंड आणि त्या तोंडाला बाजूने येऊन मिळणारी थंड पाण्याची एक नळी. त्या नळीपाशी त्यांनी घरात म्हणतात तोच शब्द लिहिला होता: विसण. कढत पाणी अंगाला सोसावं म्हणून त्यात घालायचं थंड पाणी. पुण्यात हा शब्द मी शेवटचा कधी ऐकला, आठवत नाही. तिथे आता मिक्सर म्हणतात आणि भिंतीत बसवतात. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांत असे शब्द अजून रोजच्या वापरात आहेत.

तांबटांनी चित्रावरून एक नजर फिरवली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकलं. "समझ गया."

समजलेल्या माणसाचा चेहरा मी बऱ्याच वेळा पाहिला आहे. हा चेहरा जेवायला उशीर झालेल्या माणसाचा होता.

टाकी ठरल्या दिवशी मिळाली. ऊब राहावी म्हणून भोवती जाड लोकर, वर पत्रा, आणि प्रवासात खरचटू नये म्हणून सगळं गोणपाटात शिवून टाकलेलं. वर कुंकवाचं स्वस्तिक होतं. तांबटांनी नारळ फोडला आणि कारखान्यातल्या सगळ्यांना प्रसाद वाटला. गीझरची इतकी इज्जत झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पीथमपूर, धार

पीथमपूरला आम्ही नळ्या घ्यायला थांबलो. उकळतं पाणी सोसेल अशी रबरी नळी मोटारींच्या सामानाच्या दुकानात मिळते. पाळी सुटायची वेळ होती. कामगारांच्या बसगाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या आणि जिजाजी त्यांच्याकडे निवृत्त माणूस पाहतो तसे पाहत होते, म्हणजे आपल्यावाचून हे सगळं कसं चाललं आहे अशा किंचित रागाने. दुकानदाराने विचारलं, "कौन सी गाड़ी में लगाना है?"

"नाव में," जिजाजी म्हणाले.

"कौन सा मॉडल?"

धारला जिजाजींच्या चुलतभावाकडे जेवण झालं. थंडीत इकडे गराडू खातात. हा एक कंद आहे. तो तळून, मसाला भुरभुरून, लिंबू पिळून देतात. सुरणाचा चुलतभाऊ समजा, पण घशाला न खवखवणारा. घरच्या वहिनी ताईला 'जाऊबाई' म्हणत होत्या. पुण्यात हा शब्द आता फक्त नाटकात येतो. त्यांची कॉलेजात जाणारी नात मात्र मला म्हणाली, "मामाजी, तुम्ही लोक बोटवर नहाणार? मस्त! पण पाणी तर एकदम ठंडं असेल ना?" एकाच ताटावर बसलेल्या आजी आणि नात यांच्यामध्ये शंभर वर्षं आणि एक हिंदी शाळा होती. दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं.

"तेच तर बघायला चाललोय," ताई म्हणाली. गाडीच्या मागच्या सीटवर टाकीला पट्टा बांधला होता. मला नव्हता.

सरदारपूर, बाग

धारहून सरदारपूरपर्यंत दोन्ही बाजूंना गहू, हरभरा आणि लसूण. सरदारपूरच्या बाजारात ताईने आंघोळीसाठी प्लास्टिकची बादली आणि पितळी तांब्या घेतला. तांब्या निवडायला टाकी ठरवण्याइतकाच वेळ लागला. त्यानंतर रस्ता डोंगरातून उतरत गेला आणि माळव्याची थंडी हळूहळू मागे पडली. खाली निमाड. माती बदलते, ताडाची झाडं दिसायला लागतात, आणि स्वेटर घातलेला माणूस उगाचच आगंतुक वाटू लागतो.

बाग गावाच्या अलीकडे एका टपरीवर दाल-पानिये खाल्ले. मक्याच्या पिठाचा जाड गोळा पळसाच्या दोन पानांमध्ये दाबून शेणीच्या निखाऱ्यावर भाजतात. पानांच्या शिरा भाकरीवर उमटतात. मी त्या छापाकडे कौतुकाने पाहत होतो, तोवर जिजाजींनी तो खाऊन टाकला.

"इथे एवढी ऊब असेल," मी म्हणालो, "तर ताई, गरम पाण्याची गरज..."

"सुध्या," ताई म्हणाली, "तू थंड पाण्याने कर. मी बघते."

मी विषय बदलला.

निसरपूर

नदीकाठी एक मोठा फलक आहे. त्याच्यावर जल-पर्यटनाचं स्वागत आणि निळ्या समुद्रात चाललेल्या एका परदेशी जहाजाचा फोटो. खाली संगमरवरी कोनशिला, तिच्यावर बरीच नावं. कोनशिलेच्या सावलीत शेळ्या बसतात. पर्यटन म्हणून त्या दिवशी आम्ही तिघं होतो.

पुढे पाणी. इतकं पसरलेलं आणि इतकं गप्प पाणी की ती नदी आहे हे सांगावं लागतं. मध्येच वठलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. नावेची राखण करणारा मांगीलाल केवट आम्हाला आपल्या होडीतून नावेकडे नेत होता. वाटेत एका जागी त्याने वल्हं थांबवलं. "यहाँ हमारे मोहल्ले का हैंडपंप था," तो म्हणाला, आणि पुन्हा वल्हवू लागला. त्याने ते रस्त्यातलं दुकान दाखवावं तसं सांगितलं होतं.

टाकी होडीतून नावेत चढवताना तो म्हणाला, "साब, पिछली बार तो नाव थी. अब गुसलखाना बना रहे हो क्या?"

जिजाजींनी गोणपाट उसवलं. टाकी देखणी होती. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. इंजिनाकडची दोन तोंडं होती, गरम पाण्याचं होतं, टाकी भरायचं होतं, वाफ जायची बारीक नळीही होती. विसणाची नळी नव्हती.

फोन काठावर येऊनच लागतो. काठावर येऊन त्यांनी तो स्पीकरवर लावला.

"रमेश, विसण कुठेय?"

"लावलंय ना काकाजी! पूरी टाकीच वीस नंबरची आहे."

"काय वीस नंबर?"

"पत्रा! तुम्ही लिहिलं होतं ना, वीस नं. मी म्हटलं काकाजी इंजिनियर आदमी, सोचूनच लिहिलं असेल. नाहीतर बावीस नंबरच्या पातळ पत्र्यातही काम झालं असतं."

जिजाजींनी डोळे मिटले. "रमेश, ते वीस नं. नाही. वि-स-ण. गरम पाण्यात थंड घालतात ते."

"अच्छा! वो वाला विसण! आमची आजी बोलायची. पण काकाजी, ते लिहितात असं मला काय मालूम? मी तर फक्त ऐकलंय."

"आणि मी तिथे नळी काढली होती ती?"

"मला वाटलं बाण आहे. पत्र्याकडे दाखवणारा."

"पत्र्याकडे?"

"हां, वीस नंबरच्या."

ताई हसायला लागली आणि बराच वेळ हसत राहिली. जिजाजी मात्र हसले नाहीत. हसण्यासारखं होतं, पण आमच्या मागे मोटरसायकल येऊन थांबली होती आणि तिच्यावरून पाटीदार उतरत होता.

पाटीदार अतिशय नम्र माणूस. त्याने तिघांनाही नमस्कार केला, नर्मदामाईचा जयजयकार केला आणि मग काठावरूनच हाताच्या वितीने नावेची रुंदी हवेत मोजली. "छह गाड़ी आराम से," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्याने, "भिया, कोई जल्दी नहीं. परसों सुबह आता हूँ, आप बता देना." परवा दुपारी आम्ही परतणार होतो, हे त्याला मांगीलालने सांगितलं असावं.

विसणाशिवाय टाकी बसवायला जिजाजींना उरलेला सगळा दिवस लागला. जागा मागच्या बसायच्या फळीखाली, डाव्या बाजूला. टाकी भरल्याबरोबर नाव डावीकडे कलली. मग ताईचं कणकेचं पोतं, डाळी, माझी पुस्तकं आणि बराचसा मी स्वतः, असं उजवीकडे हलवण्यात आलं. नळ्या जोडून, पट्ट्या आवळून इंजिन सुरू केलं, तर इंजिन तापलं आणि टाकी थंडच. वेटोळ्यात हवा अडकली होती. जिथे हवेचा फुगा बसतो तिथून पाणी पुढे सरकत नाही. जिजाजींनी सगळ्यात उंचावरचा जोड किंचित सैल केला. फुसफुस असा आवाज आला, मग फुर्र असा, आणि मग गढूळ कढत पाण्याची एक चिळकांडी माझ्या बुटावर.

"आलं!" जिजाजी ओरडले. त्यांच्या आवाजातला आनंद पाहता मी बुटाबद्दल काही बोललो नाही.

टाकी तापली. नळ उघडला की तोटीतून वाफाळतं पाणी. ताईने तोटीखाली बोट धरलं, लगेच मागे घेतलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यावर धुकं होतं. जिजाजींनी इंजिन चालवून पाणी तापवलं, बंद केलं आणि सगळी तयारी स्वतः केली. नवी बादली नदीत बुडवून निम्मी भरून घेतली, तोटीखाली ठेवली आणि वरून कढत पाणी सोडलं. प्लास्टिकच्या कोऱ्या बादलीत एकदम उकळतं पाणी घातलं तर ती वाकडी होईल, असा त्यांचा शुद्ध हेतू होता. पाणी अगदी हवं तसं झालं. त्यांनी थर्मामीटरही आणला होता.

ताई केबिनमधून टॉवेल घेऊन बाहेर आली, बादलीकडे पाहिलं, आणि तिथेच थांबली.

"आधी काय घातलंत?"

"म्हणजे?"

"बादलीत आधी काय घातलंत? थंड की गरम?"

"थंड. का?"

"अहो, थंडात गरम कधी घालतात ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

जिजाजींना ठाऊक होतं. मलाही. आमच्या घरांत बादलीत आधी गरम पाणी घेतात आणि त्यात विसण घालतात. उलटं करतात ते एकदाच, आणि ते पाणी अंगावर घेणाऱ्याला कढत की कोमट ते सांगता येत नाही. माणूस तिरडीवर ठेवण्याआधीच्या आंघोळीचं ते पाणी.

"नलू, तापमान शेवटी तेच येतं," जिजाजी म्हणाले. "कुठल्याही क्रमाने मिसळ."

"तापमान तेच येतं. अर्थ तो येत नाही. मी अजून आहे म्हटलं."

"हे तू मानतेस?"

"मानत नाही. पण अंगावरही घेणार नाही."

मीही मानत नाही. आणि त्या बादलीने मीही आंघोळ केली नसती.

तोवर टाकीतलं पाणी संपलं होतं. टाकी लहान आहे. पुन्हा इंजिन चालवून पाणी तापेपर्यंत ऊन वर आलं, समोर मासेमारीच्या होड्या जमल्या, आणि आडोसा असा नावेवर नव्हताच. ताई म्हणाली, "आता उद्या." तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने समजुतीने म्हटलं.

त्या दिवशी वाराही नव्हता. जिजाजींनी डोलकाठीवरच्या कप्पीला तेल दिलं, मग दोऱ्या सोडवून पुन्हा गुंडाळल्या. नाव इथे आणल्यापासून ते शीड उभारून एकदाही गेले नव्हते. कधी वारा नसे, कधी कोणी बरोबर नसे. ताई त्यांच्याकडे पाहत तांदूळ निवडत होती.

"वाऱ्याचं काय?" तिने विचारलं.

"येतो कधी कधी," ते म्हणाले. "पाटीदाराला त्याची गरज नाही म्हणा."

ताईने तांदळातला खडा पाण्यात टाकला. तिची अट तिनेच घातली होती, आणि ती मोडायला तिच्या सांध्यांची परवानगी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिजाजींनी आडोशाचा प्रश्न सोडवला. मागच्या उघड्या जागेवर एका बाजूने शीड निम्मं चढवून त्याची भिंत केली, दुसऱ्या बाजूने कठड्याला चादर बांधली. पाणी तापवलं. मग आम्ही दोघे मांगीलालच्या होडीत उतरलो, कारण एवढ्याशा नावेत पुरुषांनी जायचं तरी कुठे. नाव एका वठलेल्या झाडाच्या फांदीला बांधलेली होती. आम्ही थोडं दूर जाऊन नावेकडे पाठ करून बसलो. मागून तोटीचा आवाज आला. कढत पाणी बादलीत पडत होतं. आधी गरम. मग नदीत तांब्या बुडाल्याचा बुडबुड आवाज, आणि विसण. जिजाजींनी श्वास सोडला.

काठावर पाटीदार आला होता. त्याने हात केला. आम्हीही केला.

आणि मग माझ्या मानेला गार वाटलं.

"वारा," जिजाजी म्हणाले. त्यांच्या तोंडावर आधी आनंद आला आणि मग दुसरंच काही तरी. मागे कडाड असं काही मोडलं. आम्ही वळून पाहिलं. शीड फुगलं होतं, फांदीचा तुकडा दोरीला लटकत पाण्यातून ओढला जात होता, आणि नाव चालली होती.

"नलू! नाव सुटली!"

"इकडे बघू नका!" चादरीमागून आवाज आला.

"ताई, तू वाहत चालली आहेस!"

"कळतंय मला! डोक्याला शिकेकाई आहे! पाठ करा आधी!"

आम्ही पाठ केली. मांगीलालने वल्ही मारायला घेतली. वल्हवणारा माणूस होडीच्या दिशेला पाठ करूनच बसतो, त्यामुळे तीन पुरुष, तिघेही जायच्या दिशेकडे पाठ करून, एका निसटलेल्या नावेचा पाठलाग करू लागलो. काठावरून पाटीदार हातवारे करून दिशा सांगत होता. तो एकटाच बघत होता, आणि त्याला ते उशिरा लक्षात आलं असावं, कारण मग त्यानेही पाठ केली.

"दाएँ कि बाएँ, साब?" मांगीलालने विचारलं.

"मला काय माहीत!" जिजाजी म्हणाले. "नलू, डावीकडे की उजवीकडे?"

"सरळ! आणि हळू! अजून एक तांब्या आहे!"

नाव थांबली ती आपोआप, कुणाच्या तरी बुडालेल्या शेताच्या बांधावर, गाळात अलगद रुतून. आम्ही पाठीमागून जाऊन तिला धडकलो, आणि "या आता," अशी हाक येईपर्यंत तसेच बसून राहिलो.

ताई सुकी साडी नेसून, केसांना पंचा गुंडाळून फळीवर बसली होती. तिच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. ती बोटं मिटत होती आणि उघडत होती. सकाळच्या वेळी हे त्या आठवड्यात मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"कसं होतं?" जिजाजींनी विचारलं.

"चांगलं तापलं होतं. विसणही बरोबर पडलं."

"पाणी नाही विचारलं. नाव कशी चालली?"

"मला काय विचारता? डोळ्यांत शिकेकाई होती."

मांगीलालने नाव गाळातून ढकलली. काठावर पोचल्यावर ताईने पाटीदाराला चहा दिला आणि नाव विकायची नाही, असं सांगितलं. त्याने वाईट वाटून घेतलं नाही. जाता जाता त्याने तांबटांचा फोन नंबर मात्र विचारला. त्याच्या आईलाही पहाटे गरम पाणी लागतं.

देवासला परतल्यावर तिथल्या एका मंडळाने जिजाजींचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला. 'नर्मदेच्या विशाल जलाशयात केवळ वाऱ्याच्या बळावर नाव हाकारणारे' असं मानपत्रात होतं आणि ते दोनदा वाचून दाखवण्यात आलं. नाव वाऱ्यावर चालली, हे खरं आहे. तेव्हा जिजाजी नावेत नव्हते.